सतरा ठोकळे

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. दोन्ही हातांनी करतो आहे. उजवा जरा मागून पोचेल, तेवढं सांभाळून घे.

पत्र पाहून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. फिजिओथेरपीवालीने हुकूम काढलाय की रोज उजव्या हाताने लिहायचं. काय लिहू विचारलं तर म्हणाली, "काहीही लिहा, पण कुणीतरी वाचणार आहे असं समजून लिहा, म्हणजे नीट लिहाल." फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस, तेव्हा बळी तू. छत्तीस वर्षं पोरांची गचाळ अक्षरं वाचून पेपर तपासलेस, त्यात आणखी एक.

झटक्याला चार महिने झाले. पाय ठीक. जीभ ठीक, त्याचं शेजाऱ्यांना वाईट वाटतं. राहिला हात. घरी मी एक खेळ काढलाय. रंगाच्या ट्यूबांची टोपणं एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकायची, समोर घड्याळ ठेवून. पहिल्या महिन्यात मिनिटाला चार व्हायची. काल तीस झाली. एकट्यानेच टाळी वाजवली. वाजलीसुद्धा.

पण टोपणं उचलणं वेगळं, ताई. परवा दुकान उघडलं, एक जुनी पाटी पुढ्यात घेतली, दोन नंबरचा ब्रश भिजवला आणि एक रेघ ओढली. पट्टी न लावता सरळ रेघ ओढतो म्हणून तू मला लहानपणी रेघोबा म्हणायला लागलीस. बत्तीस वर्षं बोर्ड रंगवले ते त्या एका रेघेच्या जोरावर. परवाची रेघ पाहिलीस तर म्हणशील, रंगात भिजलेलं गांडूळ घरी निघालंय. ती पाटी भिंतीकडे तोंड करून उभी केली आहे, शिक्षा झालेल्या पोरासारखी.

आता बातमी. इथल्या हॉस्पिटलात एक प्रयोग चाललाय. डोक्यावर बाहेरून दोन ओले स्पंज बांधतात, त्यातून अगदी बारीक करंट सोडतात, आणि त्याच वेळी हाताचा व्यायाम करून घेतात. कापाकापी नाही, सुई नाही. मेंदूचा जो भाग हात हलवतो त्याला जागं करायचं, असं म्हणतात. पुढच्या आठवड्यात चाचणी आहे. त्यात बसलो तर घेतील.

या वयात परीक्षा द्यायची म्हणजे भीती वाटते. ब्रश परत हातात आला नाही तर मी नुसता बडबड्या म्हातारा उरेन, आणि तसे या गल्लीत आधीच चार आहेत.

तुझा
रेघोबा


९ फेब्रुवारी

रेघोबा,

पत्र मिळालं, तपासलं. दहापैकी साडेसहा. पहिल्या पानावर ओळी सरळ, दुसऱ्यावर उताराला लागलेल्या, तिसऱ्यावर पुन्हा सरळ. म्हणजे मध्ये चहाला उठला होतास. नियमात बसत नाही, पण सोडून देते.

मला फोनवर व्यवस्थित ऐकू येतं. लोकच हल्ली पुटपुटतात.

करंटचं वाचून आधी घाबरले, मग विचार केला, तुझ्या डोक्यावर मी शाळकरी वयात लाकडी पट्टीने केलेले प्रयोग तू पचवलेस, हे तर ओले स्पंज. तरी सही करण्याआधी कागद वाच. तू आयुष्यभर लोकांचे बोर्ड न वाचता रंगवलेस, ती सवय इथे नको.

तळमजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंना तुझं पत्र दाखवलं. मिनिटाला तीस टोपणं म्हणजे चार महिन्यांत फारच छान, म्हणाल्या. मग वरच्या मजल्यावरच्यांनाही दाखवलं. आता जिन्यात सगळे विचारतात, "भावाचा हात कसा आहे?" मी सांगते, "जिभेच्या मागे आहे, पण निघालाय."

परीक्षेची भीती मला सांगू नकोस. मुलांना मी एकच सांगायचे, पेपर कोरा गेला तरी चालेल, पण जाईल तो स्वतःचा जाऊ दे. कॉपी करणारं पोर मला वर्गाच्या मागच्या दारातून ओळखू यायचं. चेहरा बघायची गरज नाही, मान ताठ होते.

तू मान सैल सोड आणि जे होतील तेवढे कर.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

घेतलं मला!

चाचणी म्हणजे एक लाकडी पेटी. मध्ये उभी फळी. एका बाजूला दीडशे ठोकळे, इंचभराचे. एका मिनिटात एकेक उचलून फळीपलीकडे टाकायचा. बोटं फळीच्या पलीकडे जायला हवीत. अलीकडून फेकलेला धरत नाहीत. धडधाकट माणूस साठ-सत्तर करतो. इथे मात्र विसाच्या आतलेच घेतात. जास्त झाले की "तुमचं बरं चाललंय" म्हणून घरी पाठवतात.

माझ्याआधी एक बस कंडक्टर आत गेला होता. सव्वीस झाले बिचाऱ्याचे. बाहेर येऊन म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा जीव तोडून काम केलं, तर नोकरी गेली!" सगळं बाकडं हसलं. मीही हसलो. मग माझं नाव पुकारलं.

माझे सतरा झाले. हात बुजला असणार.

चोवीस जणांची तुकडी आहे आणि चोविसावा मी. माझ्यानंतर एक लाँड्रीवाल्या बाई होत्या, इस्त्री करणाऱ्या. त्यांचे नऊ झाले. जागा भरली म्हणून त्यांना यादीवर ठेवलंय. झटक्यापासून सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हावे लागतात, आणि त्यांचे सहा महिने ३१ मार्चला भरतात. तोवर कुणी गळलं तर त्यांना बोलावतील. त्या मला म्हणाल्या, "नशीब काढलंत, पेंटरदादा." आणि खरोखरच आनंदाने म्हणाल्या गं.

तर आता रोजचा कार्यक्रम. सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस. एक संशोधक मुलगी आहे, अगदी तरुण, केसांत पेन खुपसून हिंडते आणि पेन शोधते. ती मिठाच्या पाण्यात स्पंज भिजवते, रबरी पट्ट्याने डोक्यावर आवळते. पाणी कानामागून मानेत उतरतं. पहिलं अर्धं मिनिट मुंग्या आल्यासारखं होतं, मग काही नाही. वीस मिनिटं मी हात पुढे-मागे करतो.

गंमत ऐक. निम्म्या लोकांना खरा करंट मिळतो, निम्म्यांना खोटा. खोट्यातही सुरुवातीला मुंग्या येतात, मग मशीन गुपचूप बंद होतं. कुणाला कुठला, हे त्या मुलीलाही माहीत नसतं. ती नुसता एक आकडा दाबते. म्हणजे खोलीत आम्ही तिघं, आणि खरं काय ते एकट्या मशीनला ठाऊक.

नर्सबाईंना सांग.

रेघोबा


२४ फेब्रुवारी

रेघोबा,

पत्र मिळालं. घेतलं हे कळलं. स्पंजचं पाणी कानात जाऊ देऊ नकोस, तुला लहानपणापासून कानाचा त्रास आहे. इथे सगळं ठीक.

हे पत्र मी कुणाला दाखवलं नाही.

ताई


१२ मार्च

ताई,

आठ दिवस तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचतोय. पुन्हा पुन्हा वाचायला त्यात आहे काय? पाच वाक्यं, त्यातलं एक कानावर. तब्येत बरी आहे ना? की रागावलीस? मी काय केलं?

इकडे तर माझी वरात निघायची बाकी आहे. आज मधली चाचणी झाली. छत्तीस! सतरावरून छत्तीस, चार आठवड्यांत. संशोधक मुलीने दोनदा मोजले आणि केसांतलं पेन काढून चक्क नाचवलं. मोठे डॉक्टर स्वतः आले. त्यांनी माझा हात हातात घेऊन असा फिरवून पाहिला, जशी बायका बाजारात भाजी बघतात. म्हणाले, "पुढच्या महिन्यात परिषद आहे, चोवीस नंबरचा आलेख मी पडद्यावर दाखवणार." चोवीस नंबर म्हणजे मी. माणसाचा आलेख होतो, ताई, आणि तो वर जाताना किती देखणा दिसतो!

लाँड्रीवाल्या बाई खालच्या मजल्यावर साध्या व्यायामाला येतात. जिन्याशी बाकावर बसलेल्या असतात, सून सोबत. रोज विचारतात, "आज किती?" आज मी छत्तीस म्हटलं. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला, मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "बघ गं, मशीनमध्ये दम आहे." सुनेला म्हणाल्या. मग मला, "तुमच्यातलं कुणी गळलं का हो?"

मी म्हटलं, अजून नाही.

उद्यापासून मागच्या जिन्याने जाईन म्हणतो. तो हॉस्पिटलच्या कचराकुंडीपाशी उतरतो, पण जवळ पडतो.

काहीतरी लिही. शिव्या दे, पण मोठं पत्र लिही.

रेघोबा


१५ मार्च

रेघोबा,

टोपणं आता मिनिटाला किती होतात?

ताई


१९ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी जेवत होतो. मग जेवलो नाही.

पस्तीस होतात. चाचणीच्या आठवडाभर आधीच तीस होत होती. ते तुला मीच लिहिलं होतं, फुशारकीने, आणि नंतर विसरलो. चोराने स्वतःचा पत्ता लिहून ठेवावा तसं.

सतरा मोजून केले, ताई. कंडक्टर बाहेर येऊन हसला तेव्हाच ठरवलं. वीस म्हणजे फार काठावर, दहा म्हणजे फार नाटकी, म्हणून सतरा. दोन ठोकळे हातातून मुद्दाम सोडले. चौदाव्याला "आई गं" म्हटलं. ती मुलगी "सावकाश, सावकाश" म्हणत होती. संपल्यावर तिने माझ्यासाठी पाणी आणलं. ते मी प्यायलो. बाकी सगळं एक वेळ सांगता येईल, ते पाणी मी प्यायलो हे मला माझ्याशीही बोलवत नाही.

मनात काय होतं ते सांगतो, पण ती सबब म्हणून घेऊ नकोस. टोपणांच्या हिशेबाने माझे एकतीस झाले असते. एकतीस ठोकळे म्हणजे "बरं चाललंय" हे ठरवलं कुणी? शर्टाची बटणं लावायला बरं असेल. त्या हाताला रेघ ओढता येत नव्हती. मला वाटलं, नियम करणाऱ्याने कधी ब्रश धरला नसेल, तर त्याच्या नियमाला मी का धरू? तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं होतं. बाहेर बाकावर नऊवाल्या बाई बसल्या आहेत हे मी बघितलं होतं, हे या हुशारीत कुठेच बसत नाही.

आणि तो आलेख. मुळात एकतीसवरून छत्तीस. टोपणांनीही झालं असतं. मोठे डॉक्टर ते पडद्यावर दाखवणार आणि माणसं माना डोलावणार.

आता मी बोललो तर मला काढतील, आणि ३१ तारखेच्या आत काढलं तर जागा बाईंना मिळेल. आज एकोणीस आहे. बारा दिवस. रोज ठरवून जातो, आणि ती मुलगी "या, चोवीस!" म्हणून हसली की डोकं पुढे करतो.

तू सांग काय करू. तुझं पत्र येईपर्यंत मी काही करत नाही.

रेघोबा


३० मार्च

रेघोबा,

तुझं पत्र मला एकवीस तारखेला मिळालं. नऊ दिवस ते टेबलावर पालथं पडलंय.

आधी माझं सांगते. मला माहीत होतं. आधीच्या पत्रात तीस, पुढच्यात सतरा. दोन्ही पत्रं शेजारी ठेवायला मला कितीसा वेळ लागणार? आणि अक्षर. "हात बुजला असणार" हे वाक्य तू सगळ्या पत्रात सर्वांत नीट लिहिलंस. पोरं खोटं उत्तर असंच लिहितात, सुवाच्य. तुझी ताठ मान मला इथून दिसली.

आणि मी ठरवलं की गप्प बसायचं. आधी हात बरा होऊ दे, मग बघू.

आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. वार्षिक परीक्षेत तिच्या पट्टीवर मागच्या बाजूला पेन्सिलीने एक सूत्र लिहिलेलं सापडलं. म्हणाली, "बाई, हे जुनं आहे, मी बघितलं नाही." खरंच जुनं असेल, अर्धं पुसलेलं होतं. मी तिला उठवलं. तिचं वर्ष गेलं. स्टाफरूममध्ये माझं कौतुक झालं, आणि मी ते करून घेतलं. तो नियम छत्तीस वर्षं लोकांच्या पोरांना लावला. माझ्या भावाची पाळी आली तेव्हा चष्मा काढून ठेवला.

टोपणांचा प्रश्न मी विचारला, तोही धीराने विचारला नाही. तू "दहा होतात" असं लिहावंस आणि मला ते खरं मानता यावं, एवढीच आशा होती. तुला खोटं बोलायची आणखी एक संधी दिली मी. तू घेतली नाहीस. त्यात तू माझ्यापेक्षा बरा.

काय करू म्हणून विचारतोस. तुला माहीत आहे; माहीत नसतं तर विचारलं नसतंस. तुला हवी होती ती माझी सही.

तीन वेळा फोन उचलला. तीन वेळा ठेवला. ऐकू येत नाही, हे कारण पहिल्यांदाच माझ्या कामी आलं. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा एकतीस तारीख उलटून गेलेली असेल. पेटीत टाकताना मला ते कळतंय, हे तुला कळावं.

ताई


६ एप्रिल

ताई,

पत्र तीन तारखेला मिळालं. चारला गेलो.

तुला दोष देत नाही. हॉस्पिटल माझ्या दारापासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि माझे कान शाबूत आहेत. तुझ्या पत्राची वाट बघणं फार सोयीचं होतं. वाट बघता बघता माझे सहा आठवडेही पुरे झाले. एकही दिवस चुकवला नाही. हजेरीत शंभर टक्के.

संशोधक मुलीला सांगितलं. मला वाटलं होतं ओरडेल. तिने केसांतलं पेन काढलं, एक फॉर्म काढला आणि विचारलं, "खरे किती झाले असते?" मी म्हटलं, एकतीस. तिने लिहिलं. मग म्हणाली, "तुमचा हात मध्येच थांबत होता, तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही फार दमलात." एवढंच. थोड्या वेळाने फॉर्मवरून वर न बघता म्हणाली, "आणखी कुणी असं केलं असेल का हो?" तेवीस प्रामाणिक माणसांवर मी एका दुपारी डाग पाडून आलो.

माझा आलेख काढून टाकणार. मला खरा करंट मिळाला की खोटा, ते विचारलं. म्हणाली, सगळ्यांचं संपेपर्यंत कुणालाच सांगत नाहीत, दीड वर्ष तरी. म्हणजे पाकीट मारलं, पण आत नोटा आहेत की कागद, ते दीड वर्ष उघडायचं नाही. शिक्षा कुणी ठरवून दिली असती तर इतकी नेमकी जमली नसती.

जागेचं विचारलं. "मागच्या आठवड्यात सांगितलं असतंत," म्हणाली, आणि वाक्य पुरं केलं नाही. तिला सवय नसावी माणसाला वाईट बोलायची.

मग पुढच्या जिन्याने खाली आलो. लाँड्रीवाल्या बाई व्यायामाच्या टेबलाशी होत्या, पुढ्यात तीच पेटी. सून औषधं आणायला गेली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सतरा, एकतीस, तारीख, सगळं. त्या ऐकत राहिल्या. रडल्या नाहीत, तावातावाने उठल्या नाहीत. म्हणाल्या, "एकतीसवाल्याला काय कमी होतं हो?"

रेघ, असं म्हणणार होतो. जिभेवर आलं होतं. त्यांच्या हाताकडे बघितलं. चार बोटं तळव्यात वळलेली, अंगठा तेवढा बाहेर. म्हटलं नाही.

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतलीही नाही, परतही केली नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "सून यायला वेळ आहे. मोजायला कुणी नाही. मोजा, पेंटर." 'दादा' गळून पडलं होतं.

मी मोजलं. ताई, एक मिनिट किती मोठं असतं ते मला माहीत नव्हतं. मी सतरावर थांबायला तेच मिनिट कसंबसं रेटलं होतं. त्या एकेका ठोकळ्याला आधी नजरेने धरायच्या, मग हात खांद्यापासून ओढत आणायच्या, बोटं उघडायची वाट बघायच्या. वरच्या ओठावर घाम. शेवटचा ठोकळा फळीच्या काठावर आला, घड्याळाचा काटा वर पोचत आला होता, आणि त्यांनी तो मनगटाने ढकलला. पलीकडे पडला.

"बारा!" मी म्हटलं. फार मोठ्याने म्हटलं. मला बारा हवे होते.

त्या धापा टाकत होत्या. बोलायला दम नव्हता, तरी डाव्या हाताचं बोट त्या ठोकळ्याकडे केलं.

"तो धरू नका," म्हणाल्या. "बोटं पलीकडे गेली नव्हती. फेकला मी."

टेबलावर त्यांची वही होती, सुनेच्या अक्षरात रोजचे आकडे. नऊ, नऊ, दहा, नऊ, दहा, अकरा, दहा. बारा कुठेच नव्हता. पेन माझ्या उजव्या हातात दिलं त्यांनी.

मी अकरा लिहिलं. दोन सरळ, उभ्या रेघा असलेला आकडा असता तर बरं झालं असतं. आपला अकरा वळणाचा. हात मध्येच थांबला, आणि या वेळी मी तो थांबवला नव्हता.

सोमवारी पुन्हा बोलावलंय. मोजायला.

रेघोबा